क्लचला दोन बोटं ढील

तुरुंग, बराक ३
१४ मार्च २०२३

गुलाबताई,

कैलासचा तुला नि दाजींना नमस्कार. रिद्धीला आशीर्वाद.

आत येऊन दोन महिने झाले, तू एकदाही भेटायला आली नाहीस. मुलाखतीच्या दिवशी बाकीच्यांची नावं पुकारतात, ते जातात, मी बसून राहतो. पोलिसांनी घरी येऊन काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. म्हणून काय झालं ते आता माझ्याकडून ऐक.

त्या दिवशी आनंदनगरच्या कंपनीत ड्रम भरायचे होते. मी गाडी रिव्हर्सने धक्क्याला लावत होतो. मागे कंपनीचे वॉचमन रामभाऊ उभे होते, 'येऊ दे, येऊ दे' करत. मग ते 'बस' म्हणाले. मी क्लच दाबला. पेडल तळाला गेलं पण पायाला काही लागलंच नाही, चिखलात पाय जावा तसं. गाडी मागे जातच राहिली. गिअर काढायला गेलो तर दांडा हलेना. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा इंजिन बंद पडलं, पण तोवर गाडी दीड हात मागे गेली होती. मागे सिमेंटचा धक्का आणि मध्ये रामभाऊ.

आदल्या दिवशी गेटपासवरून त्यांची नि माझी बोलाचाली झाली होती, ती दहा जणांनी ऐकली. म्हणून पोलिसांनी लिहिलंय की मी राग धरून मुद्दाम गाडी घातली. त्या कलमाला जामीन मिळत नाही.

मला सरकारकडून वकील मिळाल्यात, वैदेही मॅडम. वयाने लहान आहेत पण ऐकून घेतात. त्या म्हणाल्या, अपघातानंतर तपासणी झाली तेव्हा आरटीओच्या साहेबाने ब्रेक आणि लाइट तेवढे बघितले, क्लचकडे कोणी बघितलंच नाही. गाडी पुन्हा नीट तपासा असा अर्ज त्या कोर्टात करणार आहेत. क्लच खराब होता हे एकदा कागदावर आलं की 'मुद्दाम' हा शब्द टिकत नाही म्हणाल्या. माझं सगळं त्या एका पेडलवर आहे.

म्हणून गाडी सुटून घरी आली तर तिला कोणी हात लावू नका. दाजींना निक्षून सांग. त्यांना धुवायची हौस आहे, धुवूसुद्धा नका.

आणि एक कर. रामभाऊंच्या बायकोला, कौसाबाईंना भेट. अंबरनाथ पूर्वेला राहतात, कंपनीत पत्ता मिळेल. मी मुद्दाम केलं नाही एवढंच सांग.

तुझा कैलास


एरंजाड, बदलापूर
२ एप्रिल २०२३

कैलास,

पत्र मिळालं. मी सातवीपर्यंतच शिकलेली, अक्षर समजून घे.

आले नाही म्हणून राग धरू नकोस. यांचा दमा वाढलाय, रिद्धीची दहावी होती, घर सोडून हलता येत नाही. तुला भात लागतो, तिथे देतात का? बारीक होऊ नकोस.

गाडी परवा आली. दुसऱ्या गाडीला चेन लावून ओढत आणली. पोलिसांनी माझ्याकडून लिहून घेतलं, विकायची नाही, काही बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. मागच्या अंगणात जांभळीखाली उभी केलीय, वर ताडपत्री घातलीय. कोंबड्या तिच्याखाली बसतात. बाकी कोणी फिरकत नाही.

कौसाबाईकडे जाऊन आले. तिने दारातच उभं केलं आणि तुझं नाव काढताच दार लावून घेतलं. तिचं दुःख ओलं आहे, थोडं थांबू.

आता महत्त्वाचं. गाडी माझ्या नावावर आहे म्हणून मलाही साक्षीला बोलावतील असं हे म्हणतात. मला पेडल कुठलं नि ब्रेक कुठला तेही कळत नाही. वकिलाने विचारलं आणि मी बावचळले तर नुकसान तुझंच. तेव्हा क्लचला काय झालं होतं ते लहान पोराला सांगतात तसं लिही. घाई करू नकोस, सगळं लिही.

देवावर भरवसा ठेव. मी आहे.

ताई


तुरुंग, बराक ३
१७ एप्रिल २०२३

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. भात देतात, पण तो तुझ्या हातचा नाही.

तू साक्षीला येणार हे वाचून जिवात जीव आला. मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, बहीण नीट बोलली तर अर्धं काम झालं.

आता ऐक. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातली गाठ. पेडल दाबलं की गाठ सुटते, सोडलं की पुन्हा बसते. गाठ सुटल्याशिवाय गिअर पडत नाही आणि पडलेला निघत नाही.

पेडलच्या वर एक लहान सिलिंडर आहे, त्यात तेल असतं. पायाने दाबलं की ते तेल नळीतून खाली जातं. खाली गिअरबॉक्सजवळ दुसरा सिलिंडर आहे, त्यातला दांडा पुढे सरकून क्लच सोडवतो. दोन्ही सिलिंडरांत रबरी वायसर असतात. आपले वायसर झिजले होते. तेल पाझरायचं आणि त्याच्या जागी हवा शिरायची. मग पाय दाबला की हवाच दबते, खालच्या दांड्यापर्यंत जोर पोचत नाही. म्हणून पेडल फुकट खाली जातं आणि गिअर घालताना कर्रकन वाजतो. कधी कधी मी दोन्ही हातांनी ओढायचो. शिवाय पेडलची पिन आणि बुश घासून गेलेत, त्यामुळे ते निखळलेल्या बिजागरीसारखं डावीउजवीकडे हलतं.

दोन-तीनदा पटापट दाबलं की थोडा जोर यायचा. तसंच दिवस ढकलत होतो. त्या दिवशी पटापट दाबायला वेळ मिळाला नाही.

हे दिवाळीपासून चालू होतं. मी दाजींना सांगितलं होतं, तुलाही फोनवर सांगितलं होतं. 'ही खेप होऊ दे, मग बघू' असं ठरायचं. हे तू कोर्टात सांगितलंस की बस. कोणावर आळ घालायची गरज नाही, फक्त मी सांगत होतो एवढं.

तुझा कैलास


एरंजाड, बदलापूर
८ मे २०२३

कैलास,

समजलं. दोनदा वाचून पाठ केलं. रिद्धी म्हणते, मामा मास्तर झाला असता.

एक शंका आहे. समोरचा वकील म्हणेल, एवढं कळत होतं तर दुरुस्त का केलं नाही? तेव्हा मला सांगता आलं पाहिजे की ते काम केवढं असतं. मेकॅनिकच लागतो की घरच्या घरी होतं? काय सामान लागतं, किती वेळ जातो? तेही लिही. कुठला नट आधी, कुठला नंतर, सगळं.

गाडीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. रिद्धीची शपथ.

पाऊस यायच्या आत शाकारणी उरकायची आहे. म्हणून पत्र आटोपतं घेते.

ताई


तुरुंग, बराक ३
२० मे २०२३

ताई,

कोर्टाने अर्ज मंजूर केला. तारीख अजून पडलेली नाही, पण तपासणी होणार. साहेब एरंजाडला येऊनच गाडी बघणार आहेत.

तू विचारलंस ते लिहितो. वकिलाला सांग की काम मोठं नाही. कॅम्प चारच्या गॅरेजात मी चार वर्षं काढली, तिथे हे काम डोळे मिटून करायचो. कोणत्याही पार्टवाल्याकडे 'वरच्या-खालच्या सिलिंडरचं किट' म्हटलं की वायसर मिळतात. पिन आणि बुशही तिथेच.

आधी वरच्या सिलिंडरची तेलाची बाटली रिकामी करायची. नळीचा नट सोडायचा, तो जाम असतो, जोर लावायच्या आधी तासभर रॉकेल लावून ठेवायचं. मग दोन्ही सिलिंडर काढून जुने वायसर उकरायचे, आतली भिंत फडक्याने पुसायची. नवे वायसर तेलात बुडवूनच घालायचे, कोरडे घातले तर फाटतात. वायसरचं तोंड तेलाच्या बाजूला हवं, उलटं बसलं तर सगळी मेहनत वाया. वर पेडलची जुनी पिन ठोकून काढायची, नवी पिन-बुश घालायची.

नंतर हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून खालच्या सिलिंडरचा निपल, म्हणजे हवा सोडायचा लहान स्क्रू, अर्धा फेरा सोडायचा. बुडबुडे येतात. निपल बंद केल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. बुडबुडे संपेपर्यंत हेच, आणि बाटलीत तेल टाकत राहायचं. शेवटी दांड्याचा नट फिरवून पेडलला दोन बोटं ढील ठेवायची. दोन बोटं रिकामं जाऊन मग जोर लागला पाहिजे. अर्ध्या दिवसाचं काम.

लिहिताना हाताला तेलाचा वास आल्यासारखं वाटलं. इथे हातांना काही कामच नाही.

आता कळलं म्हणून कोणी हौसेने करू नका बरं. तपासणी होऊ दे.

पुढच्या पत्रात कौसाबाईंचं लिही.

तुझा कैलास


तुरुंग, बराक ३
१९ ऑगस्ट २०२३

ताई,

जूनमध्ये एक आणि जुलैमध्ये एक अशी दोन पत्रं टाकली. तुझं उत्तर नाही.

अकरा तारखेला तपासणी झाली. मॅडम स्वतः एरंजाडला आल्या होत्या, तू त्यांना पाणी दिलंस म्हणाल्या. साहेबांनी गाडीत बसून पेडल दाबलं. बॅटरी लावून गाडी चालू केली. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे गिअर बोटाने पडले. तेलाचा एक थेंब कुठे पाझरत नव्हता. अहवालात लिहिलंय, क्लच आणि गिअर व्यवस्थित, पेडलला योग्य ढील. मॅडमनी पट्टी लावून मोजली. दोन बोटं. मी लिहिली होती तेवढीच.

मॅडमनी मला विचारलं, 'तुम्ही माझ्याशी खोटं बोललात का?'

हे दाजींनी केलंय. माझं पत्र त्यांच्या हाती लागलं असणार. पोलिसांची भीती वाटली असेल, मी समजू शकतो. पण आता तू गप्प बसू नकोस. मॅडमना भेट आणि सांग की गाडी मागाहून दुरुस्त केली. मी दाजींवर राग ठेवणार नाही. लवकर लिही, ताई.

कैलास


एरंजाड, बदलापूर
५ सप्टेंबर २०२३

कैलास,

यांना दोष देऊ नकोस. यांच्याने काही होत नाही हे तुला माहीत आहे. मी केलं.

मेकॅनिक आणला असता तर उद्या तो साक्षीला उभा राहिला असता. म्हणून स्वतः केलं. कॅम्प चारला जाऊन किट आणलं. दुकानदार विचारत होता, कोणाची गाडी? म्हटलं, भावाची. रिद्धीला चार दिवस आत्याकडे पाठवलं. भर दुपारी गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. तुझं पत्र विटेखाली दाबून ठेवलं होतं. एकेक ओळ वाचायची आणि तेवढं करायचं. हे वर बसून पेडल मारत होते आणि खोकत होते. एकदा निपल जास्त सुटला, तेल डोळ्यात गेलं. तू अर्धा दिवस म्हणाला होतास, मला दोन लागले. नव्या पिनेला माती आणि ग्रीस चोपडलं, जुनी दिसावी म्हणून. जुने वायसर चुलीत घातले. तू छान समजावून लिहिलं होतंस, कुठे अडलं नाही.

आणखी सांगते. दिवाळीत हे गाडी गॅरेजला लावायची म्हणाले होते. मीच नको म्हटलं. कंपनीचं काम आपल्या हातात होतं, गाडी उभी राहिली असती तर दुसऱ्याने ते घेतलं असतं. आता क्लचचं बाहेर आलं असतं तर खराब गाडी जाणूनबुजून रस्त्यावर काढली म्हणून मला धरलं असतं. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते आणि त्या बाईने आमच्या घरावर दावा लावला असता. माझ्या पोरीने जायचं कुठे?

तुला बायको नाही, पोर नाही. एकट्या माणसाला आत राहणं जड नसतं. दोन वेळचं मिळतं. बाहेर होतास तरी केबिनमध्येच झोपायचास. तुझी खोली आम्ही साफ केली, त्यात यांची खाट टाकलीय, तिथे वारा येतो.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. माझी शाळा सुटली ती तुझ्यापायी. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा मी माझं दिलं, आता तू तुझं दे.

कौसाबाईकडे मी गेलेच नव्हते. कशाला जाऊ?

तिथे येऊन तोंडावर सांगितलं असतं, पण तुझं रडणं मला बघायचं नव्हतं. माझी पत्रं फाडून टाक. तू माझ्या विरुद्ध जाणार नाहीस. लहानपणापासून मी तुला ओळखते.

गुलाब


तुरुंग, बराक ३
१४ ऑक्टोबर २०२३

ताई,

रडलो नाही. तुझं पत्र हातात घेऊन बसलो होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कोणाचं? म्हटलं, बहिणीचं. तो म्हणाला, नशीबवान आहेस, मला सहा वर्षांत कोणी लिहिलं नाही.

तुझी शाळा माझ्यामुळे सुटली हे खरं आहे. ते मी विसरलो नव्हतो. म्हणूनच आईची जमीन विकली तेव्हा गाडी तुझ्या नावावर घ्या म्हणालो होतो.

दुरुस्तीबद्दल मी कोणाला सांगणार नाही. मॅडमनाही सांगितलेलं नाही. त्यांना मी खोटा वाटतो, वाटू दे. तू साक्षीला येशील तेव्हा एकच गोष्ट बोल. दिवाळीपासून कैलास म्हणत होता की पेडल ढिलं आहे, गिअर अडतो. त्यानंतर आम्ही ते करून घेतलं होतं असं म्हणालीस तरी चालेल. पण मी सांगत होतो, हे म्हण. तेवढ्यावरही मॅडम काहीतरी करू शकतील.

तुझी पत्रं फाडलेली नाहीत. तू बोललीस की त्याच दिवशी फाडीन.

कैलास


एरंजाड, बदलापूर
९ नोव्हेंबर २०२३

कैलास,

ठीक आहे. तू म्हणतोस तेवढं बोलेन. त्याच्यापुढे मला ओढू नकोस.

पत्रं ठेवू नकोस. झडतीत सापडली तर तुलाच त्रास.

रिद्धी अकरावीला गेली. मामा कधी येणार विचारते. मी सांगितलंय, लांबच्या लाइनवर आहे.

गुलाब


तुरुंग, बराक ३
१२ फेब्रुवारी २०२५

सौ. गुलाब हिरामण शेलार यांस,

काल तुला दोन वर्षांनी पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

सरकारी वकिलाने विचारलं, गाडीत काही बिघाड होता का? तू म्हणालीस, नाही. ड्रायव्हर कधी काही बोलला होता? तू म्हणालीस, एका शब्दाने नाही. तिथपर्यंत मी मनाशी म्हणत होतो की घाबरली आहे, मॅडम उलट विचारतील तेव्हा सांगेल. सरकारी वकील खाली बसत होता. तेवढ्यात तू पदर सावरलास आणि म्हणालीस, 'साहेब, हा लहानपणापासून तापट आहे. त्या वॉचमनला बघून घेतो असं घरी बोलला होता.'

हे तुला कोणी विचारलं नव्हतं.

मागच्या बाकावर कौसाबाई बसल्या होत्या. इतके दिवस त्या तारखेला यायच्या आणि खाली बघत बसायच्या. काल पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, ते तू पिंजऱ्यातून उतरेपर्यंत. दाजी दाराशी उभे होते. ते खोकत बाहेर गेले.

मॅडमनी तुझ्या उलटतपासणीला वेळ मागून घेतला, चोवीसची तारीख मिळाली. आज सकाळी त्या इथे आल्या. मी तुझी चारही पत्रं त्यांच्या हातात दिली. प्रत्येकावर इथला शिक्का आणि तारीख आहे. त्या उभ्यानेच वाचायला लागल्या. सप्टेंबरचं वाचताना खाली बसल्या. म्हणाल्या, 'हे दीड वर्ष तुमच्याकडे होतं?'

मी म्हटलं, हो.

'मग दिलं का नाहीत?'



त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. हे दाखल केलं की तुझ्यावर खोट्या साक्षीचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा लागेल. पेडल मारलं म्हणून दाजींवरही. म्हणाल्या, सख्खी बहीण आहे, चोवीसपर्यंत विचार करा. रिद्धीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीच काढलं. तिची बारावीची परीक्षा चालू आहे, हे मला ठाऊक आहे. मॅडम म्हणाल्या, मग परीक्षा होईपर्यंत थांबू या का? मी म्हटलं, आजच द्या.

त्या गेल्यावर मी ऑफिसात जाऊन भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव काढायला सांगितलं. कारकुनाने रजिस्टर उघडून विचारलं, कोण लागते? मी म्हटलं, गाडीची मालकीण. त्याने तसं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

यापुढे तुझं पत्र आलं तर मी वाचणार नाही. येईल तसं मॅडमकडे जाईल.

कैलास जनू भोईर